नागपूर–मुंबई: ६८३ किलोमीटरला दीड तास का लागतो?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही नागपूरचे. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आईंना मुंबईमार्गे फ्रँकफर्टला बहिणीकडे पाठवायचंय, तिच्या बाळंतपणासाठी. नागपूर–मुंबई हवाई अंतर शोधलंत तर ६८३, ६९७ आणि ७४० असे तीन आकडे मिळाले. विमान ताशी ८०० किलोमीटरच्या वर उडतं, म्हणजे पाऊणेक तासात मुंबई यायला हवी. पण तिकिटावर कुठे दीड तास आहे, कुठे पावणेदोन. रात्री साडेनऊला मुंबईत उतरणारं विमान स्वस्त मिळतंय, फ्रँकफर्टचं विमान रात्री एक वाजून दहा मिनिटांनी आहे. दोन्ही तिकिटं वेगवेगळी. मधले साडेतीन तास पुरतील का, हे तुम्हाला विचारायचंय.

माझं म्हणणं आधीच सांगतो: ऑगस्टमध्ये, वेगवेगळ्या तिकिटांवर, वयस्कर माणसाला एकटं पाठवताना ते पुरे समजू नका. का, ते नीट सांगतो, कारण यातलं खरं उत्तर किलोमीटरमध्ये नाहीच.

मी चोवीस वर्षं मुंबईत फ्लाइट डिस्पॅचचं काम केलं. उड्डाणाआधी मार्ग, उंची, वारा, वजन, इंधन यांचं गणित मांडायचं, कॅप्टनशी बोलून त्यावर सही करायची आणि ते विमान पलीकडे उतरेपर्यंत त्याच्यावर डोळा ठेवायचा, हे आमचं काम. नागपूरचं सेक्टर, म्हणजे नागपूर–मुंबई हा टप्पा, त्यात रोजचंच होतं.

आता आकडे. तीनही बरोबर आहेत, फक्त तीन वेगळ्या गोष्टी मोजतात. नागपूरच्या सोनेगाव विमानतळापासून मुंबईच्या विमानतळापर्यंत पृथ्वीच्या गोलाईवरून दोरी ताणून धरली तर ती ६८३ किलोमीटर भरते. झिरो माइलच्या खांबापासून सीएसएमटीपर्यंत तीच दोरी ताणली तर ६९७. बऱ्याच संकेतस्थळांवर विमानतळाऐवजी शहराच्या मध्याचे अक्षांश-रेखांश घातलेले असतात, म्हणून हा फरक पडतो. आणि ७४० हे विमान प्रत्यक्षात उडतं ते अंतर, म्हणजे धावपट्टीवरून निघून वळणं घेत, ठरलेल्या बिंदूंवरून जात दुसऱ्या धावपट्टीवर टेकेपर्यंतचं. ते रोज थोडं बदलतं. कधी ७१०, गर्दी असेल तर ८०० सुद्धा. कुठे ४२४ किंवा ३६९ असा आकडा दिसला तर गोंधळू नका, ते तेच ६८३ किलोमीटर आहेत, पहिला साध्या मैलांत आणि दुसरा सागरी मैलांत. आम्ही सागरी मैलच वापरतो, कारण एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, अक्षांशाची एक कला. नकाशावर कर्कटक लावलं की अंतर हातात येतं.

तुलनेसाठी सांगतो, रेल्वेने सीएसएमटी ते नागपूर ८३७ किलोमीटर आहे, कारण गाडीला भुसावळ-अकोल्यावरून यावं लागतं. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, पण तो ठाणे जिल्ह्यात आमणेला संपतो, मुंबईत नाही. पक्ष्याच्या रेषेच्या इतक्या जवळ जाणारा रस्ता नागपूरला याआधी कधी नव्हता.

मग ६८३ किलोमीटरला दीड तास का?

तिकिटावर लिहिलेला वेळ उडण्याचा नसतो. त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. नागपूरला विमानाच्या चाकांना लावलेले लाकडी किंवा रबरी ठोकळे काढले की घड्याळ सुरू होतं आणि मुंबईत पार्किंगला तेच ठोकळे पुन्हा लागले की थांबतं. या दरम्यान चार वेळा नोंदल्या जातात: जागेवरून हललं, जमीन सोडली, जमिनीला टेकलं, जागेवर थांबलं. आता या नोंदी विमान स्वतःच पाठवतं. मी कामाला लागलो तेव्हा त्या रेडिओवर ऐकून पेन्सिलीने लॉगमध्ये लिहाव्या लागत. त्या चार आकड्यांत सगळी कहाणी असते. पहिल्या आणि दुसऱ्या वेळेत मोठी फट दिसली की समजायचं, धावपट्टीसाठी रांग होती. दुसऱ्या आणि तिसऱ्यात फट वाढली की वारा किंवा घिरट्या. तिसऱ्या आणि चौथ्यात वाढली की जागा रिकामी नव्हती.

मधल्या उड्डाणाचाही हिशोब बघा. विमान ताशी ८३० किलोमीटरने उडतं हे खरं, पण फक्त वर गेल्यावर, ३४ हजार फुटांच्या आसपास. दहा हजार फुटांच्या खाली २५० नॉटची मर्यादा असते, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटर. नागपूरहून निघून वर पोहोचायला वीस-बावीस मिनिटं जातात आणि त्यात साधारण २२० किलोमीटर संपतात. उतरायचा एक जुना हिशोब आहे, तो आजही प्रत्येक वैमानिकाच्या डोक्यात असतो: उंची हजार फुटांत घ्या, तिनाने गुणा, तितके सागरी मैल आधी उतरायला लागा. ३४ त्रिक १०२. त्यात वेग कमी करायला दहा-एक मैल धरले की दोनशे किलोमीटर उतरण्यात जातात. म्हणजे विमान अजून शिर्डीच्या आसपास असतानाच कॅप्टन इंजिनाची ताकद काढून घेतो आणि खाली यायला लागतो. चढण्या-उतरण्यातच निम्म्याहून जास्त वाट संपली. पूर्ण वेगाने सरळ उडणं उरतं जेमतेम तीनशे किलोमीटर, बावीस मिनिटं. नाश्त्याची गाडी मागच्या रांगेपर्यंत पोहोचेपर्यंत पट्टा बांधायची सूचना का येते, त्याचं कारण हेच.

हवेत एकूण सव्वा तासाच्या आत-बाहेर. नागपूरला जमिनीवर आठ-दहा मिनिटं, मुंबईत उतरल्यावर तितकीच किंवा जास्त. दीड तास इथेच भरला.

ज्यांना असा हिशोब घरी करायचाय त्यांच्यासाठी मी वापरतो ती रीत देतो. हवाई अंतर किलोमीटरमध्ये घ्या, ८०० ने भागा, तितके तास; त्यात ४० मिनिटं मिळवा. नागपूर–मुंबईला ६८३ भागिले ८०० म्हणजे ५१ मिनिटं, अधिक ४०, एक तास ३१ मिनिटं. मुंबई–पुणे हवाई अंतर १२४ किलोमीटर. नऊ मिनिटं अधिक चाळीस, म्हणजे पाऊण तासाच्या वर. एवढ्या वेळात रस्त्याने माणूस पनवेल ओलांडतो, म्हणून तो हवाई मार्ग कधी नीट रुजला नाही. मुंबई–दिल्ली ११३८ किलोमीटरला दोन तास पाच मिनिटं येतात. दोन्ही टोकांना गर्दी असल्यामुळे कंपन्या आणखी दहा-पंधरा मिनिटं लावतात. मुंबई–फ्रँकफर्ट ६५७० किलोमीटरला पावणेनऊ-नऊ तास. ही चाळीस मिनिटं प्रत्येक प्रवासाला जवळपास सारखीच लागतात, अंतर काहीही असो. प्रवास छोटा तितकी ती जास्त जाणवतात. पंख्याच्या एटीआर विमानाचा वेग जेटच्या जेमतेम साठ टक्के, तरी नागपूरसारख्या अंतरावर ते पंचवीस-तीस मिनिटंच मागे पडतं, कारण जेटलाही इथे धावायला वाव नाही.

जाता-येता वेळ वेगळा का, हाही तुमचा प्रश्न होता. त्यात दोन गोष्टी आहेत, वारा आणि धावपट्टी.

वाऱ्याचं असं, की हिवाळ्यात आपल्या अक्षांशांवर, दहा-बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. त्याचा गाभा दिल्लीच्या बाजूला असतो, तरी नागपूरच्या वाटेवरही साठ-सत्तर नॉट सहज मिळतात. जानेवारीत मुंबईहून नागपूरला जाताना पाठीवर वारा, येताना तोंडावर. पण वर सांगितलं तसं, पूर्ण उंचीवर आपण वीस-बावीस मिनिटंच असतो. साठ नॉट मदतीला असले तर त्यातली अडीच मिनिटं वाचतात, विरोधात असले तर तीन-साडेतीन वाढतात. चढ-उतारातलं धरून जाण्या-येण्यात सात-आठ मिनिटांचा फरक पडतो. हाच वारा मुंबई–लंडनसारख्या प्रवासात तासाचा फरक करतो, कारण तिथे विमान सात-आठ तास त्याच्यात असतं.

पावसाळ्यात मात्र हे चित्र उलटं होतं, आणि मला या कामातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटत आली आहे. जूनमध्ये तिबेटचं पठार तापतं आणि भारतीय द्वीपकल्पावर खूप उंचावर पूर्वेकडून पश्चिमेकडे वारा वाहू लागतो. १९५८ मध्ये आपल्या हवामान खात्यातले पी. कोटेश्वरम यांनी त्याचं वर्णन जगापुढे मांडलं. त्याचा जोर पंधरा-सोळा किलोमीटरवर, दक्षिणेकडे असतो. आपली विमानं त्याच्या खालून जातात, त्यामुळे थोडाच वाटा मिळतो. तरी दिशा पालटलेली असते. मे महिन्यापर्यंत मुंबईकडे येणाऱ्या विमानाच्या कागदावर वाऱ्याच्या रकान्यात उणे चिन्ह दिसायचं आणि जूनअखेर एखाद्या सकाळी तिथे अधिक चिन्ह आलेलं असायचं. खाली रत्नागिरीत, मुंबईत नैऋत्येचा वारा छत्र्या उलट्या करत असतो आणि बारा किलोमीटरवर त्याच्या बरोबर उलट दिशेने हवा चाललेली असते. आईंचं विमान ऑगस्टमध्ये मुंबईकडे येणार, म्हणजे वरचा वारा त्यांच्या बाजूने असेल. दोन-तीन मिनिटं वाचतील.

धावपट्टीचा परिणाम याहून मोठा आहे. मुंबईत बहुतेक वेळ पूर्व–पश्चिम धावपट्टी पश्चिमेकडे तोंड करून वापरतात. नागपूरला जाणारं विमान जुहूवरून समुद्राकडे उडतं आणि मग वळून पूर्वेला लागतं, म्हणजे आधी उलट्या दिशेने वाट. येणारं विमान मात्र ठाण्याची खाडी, घाटकोपर यांवरून सरळ समोर उतरू शकतं. नागपूरची धावपट्टी वायव्य–आग्नेय. पश्चिमेकडून येणाऱ्याला वारा बघून एका किंवा दुसऱ्या टोकाला वळसा घालावा लागतो. कागदावर येण्याचा मार्ग सोपा आहे. तरी येतानाचाच वेळ तिकिटावर बरेचदा जास्त असतो, कारण मुंबई.

मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. एकीवर विमान उतरत असताना दुसरी वापरता येत नाही, म्हणून व्यवहारात ती एका धावपट्टीचीच जागा, आणि तिच्यावर दिवसाला नऊशेच्या वर विमानं चढतात-उतरतात. दर दीड-पावणेदोन मिनिटाला एक. इतक्या घट्ट वेळापत्रकात एका विमानाने उतरता उतरता पुन्हा उड्डाण घेतलं किंवा धावपट्टीवर पक्षी दिसला म्हणून पाच मिनिटं थांबावं लागलं, की मागची सगळी रांग हवेत थांबते. घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानासारखा लांबट गोल काढत विमानं एकावर एक हजार फुटांच्या अंतराने फिरत राहतात. एक फेरा साधारण चार मिनिटांचा. तीन फेरे झाले की बारा मिनिटं गेली. कंपन्यांना हे ठाऊक असतं, म्हणून मागच्या हंगामाच्या नोंदी बघून त्या हा वेळ तिकिटातच घालून ठेवतात. एकाच सेक्टरवर सकाळच्या विमानाला दीड तास आणि रात्रीच्या विमानाला पावणेदोन दिसतो तो यामुळे. लवकर निघालेलं विमान "वेळेच्या पंधरा मिनिटं आधी" पोहोचतं तेही यामुळेच. त्या दिवशी फेरे मारावे लागले नाहीत, एवढंच.

आता ज्यासाठी हे सगळं सांगितलं ते सांगतो.

एका जुलैच्या रात्री मी डेस्कवर होतो. नागपूरहून आमचं ए३२० यायचं होतं, नऊ चाळीसला टेकणार असा हिशोब. संध्याकाळपासून मुंबईत सरी येत होत्या, त्यामुळे मी इंधन जास्तीचं लावलं होतं. प्रवासापुरतं तीन टनांच्या आत, मुंबईत उतरता आलं नाही तर अहमदाबादला जायला दोन टन, तिथे पोहोचल्यावरही अर्धा तास उडता येईल इतकं राखीव, आणि या सगळ्याच्या वर अर्ध्या तासाच्या घिरट्यांचं. हवेत थांबलेलं ए३२० मिनिटाला साधारण चाळीस किलो इंधन जाळतं. म्हणजे मी बाराशे किलो वेळ विकत घेऊन ठेवला होता, असं म्हणा.

नऊ वाजून पंचवीस मिनिटांनी सर आली. हवामानाचा नवा अहवाल पडद्यावर उमटला: दृश्यता ६०० मीटर, मुसळधार पाऊस. धावपट्टी दिसेना. विमान घिरट्यांत गेलं. त्याच्या आधी रांगेत सहा होती. कॅप्टनने विचारलं, किती वेळ? रडारच्या चित्रावर मला पालघरकडून आणखी एक लाल पट्टा येताना दिसत होता. मी कळवलं, पहिली सर दहा मिनिटांत ओसरेल, पण दुसरी मागेच आहे. पहिली ओसरली. सहा विमानं उतरली. आमचं सातवं होतं. दुसरी सर आली. माझ्यासमोर कागदावर एक आकडा गोल करून ठेवलेला होता. इतकं इंधन उरलं की मुंबईचा विचार सोडून अहमदाबादकडे वळायचं, त्यात मागेपुढे नाही. दहा वाजून नऊ मिनिटांनी तो आकडा आला आणि कॅप्टन वळला. त्याने योग्यच केलं. अहमदाबादला इंधन भरून, मुंबईची परवानगी मिळवून ते विमान मुंबईत टेकलं तेव्हा रात्रीचे दोन वाजायला आले होते.

त्यात एक गृहस्थ होते, साठीचे, अमरावतीकडचे. मुलाकडे दुबईला निघाले होते, पुढचं विमान पावणेदोनचं. तिकिटं वेगवेगळी, दोन वेगळ्या कंपन्यांची. ते सामानाच्या पट्ट्यापाशी येऊन थांबले तेव्हा त्यांचं विमान निघून गेलं होतं आणि तिकिटाचे पैसेही गेले होते. पुढच्या कंपनीच्या हिशोबी ते न आलेले प्रवासी होते, आमच्या कंपनीचं काम त्यांना मुंबईला पोहोचवणं एवढंच होतं. चूक कुणाचीच नव्हती. मी ड्यूटी संपवून खाली गेलो तेव्हा ते पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीत बसले होते. त्यांच्या मुलाला माझ्या फोनवरून फोन लावून दिला. पुढे कुणीही पावसाळ्यातल्या जोडतिकिटाबद्दल विचारलं, की मला ती खुर्ची आठवते.

म्हणून तुमच्या साडेतीन तासांची फोड करून बघा. साडेनऊला टेकणार हा कागद. सामान हातात यायला अर्धा तास, म्हणजे दहा. तिकिटं वेगळी असल्यामुळे बॅग थेट फ्रँकफर्टला जात नाही; आईंना ती स्वतः घेऊन पुन्हा द्यावी लागेल. नागपूरचं विमान टर्मिनल एकला उतरलं आणि फ्रँकफर्टचं दोनवरून असलं, तर विलेपार्ल्याहून सहारला गाडीने जायचं. अंतर चार-पाच किलोमीटरच आहे, पण पावसात अर्धा-पाऊण तास धरा. पावणेअकरा. परदेशी प्रवासासाठी तीन तास आधी या असं सांगतात, म्हणजे दहा वाजून दहा मिनिटं, आणि ती वेळ सगळं सुरळीत झालं तरी चुकलीच. काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, बारा दहाला. खरी मोकळीक उरली जेमतेम दीड तास. त्यातच इमिग्रेशनची रांग लांबली तर काय, हा विचार वेगळा. मी सांगितलेल्या रात्रीसारखी एक सर हा दीड तास गिळून टाकते.

आणखी एक नवीन गोष्ट तपासा. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं आणि डिसेंबरअखेरीपासून तिथून विमानं सुरू झाली. स्वस्त तिकिटावर "मुंबई" लिहिलेलं असलं तरी उतरण्याचा विमानतळ उलव्याचा असू शकतो. तिथून सहारला रात्रीच्या पावसात दीड-दोन तास. तिकिटावर विमानतळाचं नाव आणि टर्मिनलचा आकडा दोन्ही बघितल्याशिवाय पैसे भरू नका.

काय करावं, तर शक्य असेल तर नागपूर ते फ्रँकफर्ट एकच तिकीट काढा, एकाच पीएनआरवर. दोन-चार हजार जास्त गेले तरी. मग नागपूरचं विमान अहमदाबादला वळलं तरी पुढच्या विमानात बसवणं ही कंपनीची जबाबदारी राहते आणि बॅगेवर नागपूरलाच फ्रँकफर्टचा टॅग लागू शकतो. काउंटरवर तो वाचून घ्या. वेगळीच तिकिटं काढायची असतील तर रात्रीचं विमान सोडा. दुपारी दीड-दोनला मुंबईत पोहोचेल असं घ्या आणि रात्रीपर्यंतचा वेळ कुणा नातेवाइकाकडे काढू द्या. एक सर आली, विमान वळलं, परत आलं, तरी संध्याकाळी आई मुंबईत असतील. व्हीलचेअर दोन्ही तिकिटांवर किमान ४८ तास आधी नोंदवा. आई चालू शकत असल्या तरी नोंदवा. सहारला चालणं खूप आहे, आणि सोबत माणूस असला की इमिग्रेशनच्या रांगेत त्यांना एकटं उभं राहावं लागत नाही.

फ्रँकफर्टच्या तिकिटाबद्दलही एक सांगतो, कारण तिथेही तुम्हाला दोन कंपन्यांच्या वेळांत फरक दिसेल आणि अंतरावरून तो कळणार नाही. मुंबईहून युरोपला जाणारी जवळची वाट पाकिस्तानवरून जाते. फेब्रुवारी ते जुलै २०१९ मध्ये ते आकाश बंद होतं, आणि एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांसाठी पुन्हा बंद झालं. भारतीय विमान मग अरबी समुद्रावरून वळसा घालून जातं. दोन शहरं तीच, ६५७० किलोमीटर तेच, पण कुठल्या देशाच्या डोक्यावरून जाता येतं यावर अर्धा-पाऊण तास वर-खाली होतो. शिवाय तिकिटावर पोहोचण्याची वेळ तिथल्या घड्याळाची असते. ऑगस्टमध्ये जर्मनी आपल्या साडेतीन तास मागे आहे. रात्री एक दहाला निघून सकाळी सहा-साडेसहाला पोहोचणार असं दिसलं, तर तो पाच तासांचा नाही, जवळपास नऊ तासांचा प्रवास आहे. आईंच्या गोळ्यांच्या वेळा त्या हिशोबाने कागदावर लिहून द्या, पिशवीत वरच ठेवा.

सोनेगावच्या लोकांना कदाचित ठाऊक असेल, पण तुमच्या प्रश्नामुळे आठवलं म्हणून लिहितो. वेळ आणि अंतर यांचं सगळ्यात देखणं गणित या देशात नागपूरलाच मांडलं गेलं होतं. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून टपालाच्या थैल्या घेऊन विमानं निघायची, मध्यरात्रीनंतर नागपूरला एकत्र यायची, थैल्या आपसांत बदलायच्या आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत. आता अंतरं बघा: नागपूरहून मुंबई ६८३ किलोमीटर, दिल्ली ८५४, चेन्नई ९०८, कोलकाता ९८५. डकोटा विमानाचा वेग ताशी २७० धरला तर मुंबईच्या विमानाला अडीच तास, कलकत्त्याच्या विमानाला तीन तास चाळीस मिनिटं. चौघांनी एकाच वेळी नागपुरात उतरायचं तर कुणी किती आधी निघायचं, त्या रात्री वारा कुणाच्या पाठीवर आणि कुणाच्या तोंडावर, कलकत्त्याचं विमान उशिरा आलं तर बाकीच्या तिघांनी किती थांबायचं. संगणक नाही, उपग्रहाचं चित्र नाही. हे जुळवणारी माणसं माझ्याच कामातली, माझ्या आधीच्या पिढीतली. त्यांनी रोज रात्री ते जुळवलं.

तुमच्या आईंच्या तिकिटाकडे परत येतो. दुपारचं विमान घेतलंत तर जागा निवडताना उजवीकडची खिडकी मागा, पंखाच्या पुढची. ढग फुटले तर नाशिकच्या बाजूचे सह्याद्रीचे हिरवे कडे दिसतील. मग चाकं खाली येण्याचा खडखडाट होईल. पहिल्यांदा ऐकणारा माणूस त्याला घाबरतो, तेवढं आधीच सांगून ठेवा. उजव्या हाताला विहार आणि पवईचे तलाव आले की मिनिटाच्या आत मुंबईची जमीन लागते.